वणीचा मुक्काम आणि वाडगाभर भात

वणीस जाऊन आलो असे सांगणारी मंडळी पुष्कळ भेटतात. परंतु वणीस राहून आलो असे सांगणारे फारच विरळा. याचे कारण उघड आहे. बहुतेकांच्या तोंडी वणी म्हणजे सप्तशृंगीचा गड. पहाटे नाशिक सोडावे, गडावर देवीची ओटी भरावी आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे, हाच सर्वांचा क्रम. वास्तविक वणी हे दिंडोरी तालुक्यातील एक नांदते गाव आहे, आणि गड त्याच्या उत्तरेस, कळवण तालुक्यात. आम्हीही तीस वर्षे असेच उभ्या-उभ्या जाऊन येत होतो. यंदा नाताळच्या सुटीत मात्र आमचा वणीत चार दिवस मुक्काम घडला, आणि त्या मुक्कामाने आमच्या घरातील एक जुनी गाठ सुटली. ती कशी, तेच वाचकांस सांगावयाचे आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नॉर्वे देशात स्टॅव्हॅन्गर येथे राहतात. त्यांना रजा मिळाली नाही. परंतु सूनबाई आणि आठ वर्षांची नात अशा दोघी आल्या होत्या. नातीच्या जन्मापासून कुलस्वामिनीचे दर्शन राहून गेले होते. आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाईतदारांनी, 'गडावर दगदग करू नका, आमच्याकडे उतरा,' असा आग्रह केला, आणि आम्ही तो मोडला नाही.

नाशिकहून वणी सुमारे चाळीस किलोमीटर. दिंडोरी मागे पडली की दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव सुरू होतात. या दिवसांत घड भरलेले दिसतात, पण त्यांत अजून गोडी उतरलेली नसते. वणीच्या अलीकडे ओझरखेड धरणाचे पाणी उन्हात चकाकते, आणि समोर सातमाळ्याची रांग उभी राहते. याच मुलखात ऑक्टोबर १६७० मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर स्वराज्याकडे परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगली फौजेशी उघड्या मैदानात झुंज दिली आणि ती जिंकली. इतिहासात ती वणी-दिंडोरीची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. आज तेथे टोमॅटोच्या जाळ्या भरलेल्या गाड्या धावतात, आणि त्या रणाची आठवण प्रवाशास कोणी करून देत नाही.

दुसऱ्या दिवशी गड चढलो. नांदुरीपासून घाटाचा रस्ता वर गडावरील वस्तीपर्यंत जातो. तेथून देवळापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी अठराव्या शतकात त्या बांधविल्या. २०१८ पासून चाकांची ट्रॉलीही वर जाऊ लागली आहे; आमच्या गुडघ्यांनी तिचाच कौल दिला, नातीने मात्र आईसह पायऱ्या पसंत केल्या. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ ते हे. कड्याच्या कपारीत कोरलेली सुमारे आठ फुटांची, अठरा हातांची मूर्ती पाहून पोर क्षणभर स्तब्ध झाली. २०२२ साली मूर्तीवर साचलेले शेंदराचे जाड थर उतरविण्यात आले. त्यामुळे पूर्वी न दिसणारे डोळे, नाक व आयुधे आता स्पष्ट दिसतात. देवीची मान एका बाजूस किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंडेय पर्वतावर बसून ऋषींनी तिचे माहात्म्य म्हटले, ते तिने कान देऊन ऐकले, म्हणून मान कलली, अशी कथा आहे. ती ऐकून नात म्हणाली, "म्हणजे ही देवी बोलत नाही, ऐकते?" आम्ही होय म्हटले, आणि तेवढ्यावर ते संभाषण संपले.

खरी अडचण जेवणाची होती. दोन दिवस पोरीने धड अन्न घेतले नव्हते. गडावरील प्रसादाचा वरणभात तिने चिवडला. यजमानांकडील बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची झणझणीत आमटी तिला पाहूनच भीती वाटली. आमच्या सौ.नी मऊ खिचडी केली, तूप वाढले, गोष्टी सांगितल्या; पण दोन घास पोटात गेले की ताट पुढे सरके. शेवटी रात्री अंथरुणावर त्यांनी तिला जवळ घेऊन विचारले, "बाळे, तुझ्या घरी तुला सर्वांत आवडते ते काय?"

"सॅमनचा वाडगा," नात म्हणाली. "खाली भात, वर तिखट सॅमन, काकडी आणि काळी कुरकुरीत पाने." आणि मग सहज, जणू नेहमीचीच गोष्ट, "पण तू आलीस की तो करायचा नसतो. तू येणार असलीस की बाबा सगळा सॅमन शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवतो. मी तिकडे जाऊन जेवते. तुला सांगायचे नसते."

खोलीत शांतता पसरली. सूनबाईंची मान खाली गेली. त्या माहेरच्या मालवणकडील सारस्वत. मासळीशिवाय पान वाढले जात नाही अशा घरातल्या. नऊ वर्षांपूर्वी लग्न ठरले तेव्हा आमच्या घरात मासा येणार नाही एवढीच अट आम्ही घातली होती, आणि ती त्यांनी एका शब्दाने न कुरकुरता पाळली. परंतु ती अट समुद्रापलीकडे त्यांच्याही घरात पोहोचेल, आणि आम्ही सहा-सहा आठवडे पाहुणे म्हणून राहिलो की आमच्याच नातीला शेजारी जाऊन, चोरून जेवावे लागेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. सौ. त्या रात्री झोपल्या नाहीत. पहाटे उठून त्या सूनबाईंस एवढेच म्हणाल्या, "तो वाडगा कसा करतात, ते मला नीट सांग. काही गाळू नकोस."

सूनबाईंनी सांगितलेले येथे थोडक्यात देतो. सॅमन हा थंड समुद्रांतील मासा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा नदीत येतो. लहान कोळंबीसारख्या जिवांवर पोसल्यामुळे त्याच्या मांसास नारिंगी रंग येतो. नॉर्वेत १९७० च्या सुमारास समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून त्याची शेती सुरू झाली, आणि १९८० नंतरच्या दशकात नॉर्वेकरांनी तो जपानी लोकांच्या गळी उतरविला. वाटीभर भातावर मासा-भाजी मांडून खाण्याची रीत जपान्यांची जुनीच. तिला ते दोनबुरी म्हणतात. दोहोंचा संगम होऊन हा वाडगा घरोघर पोहोचला. मुंबईच्या बाजारात रावसाला कित्येकदा 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचे कुळ अगदी निराळे. सॅमन आपल्या किनाऱ्यावर सापडतच नाही.

"म्हणजे वणीत तो मिळणार नाही," सौ. म्हणाल्या. "मग येथे काय मिळते?"

याचे उत्तर यजमानीणबाईंनी दिले. त्या दाराशी उभ्या राहून ऐकतच होत्या. "बाई, एवढा विचार कशाला? धरणाची मासळी येती की. पोरीला देणार तर रोहू नको, लई बारीक काटे. मरळ घ्या. मागल्या अंगणात आमची चूल हाये, तवा हाये. तुमच्या भांड्यांना धक्का लागायचा न्हाई."

देवीचे दर्शन झालेले होते, ओटी भरलेली होती. सौ.नी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आणवा. मात्र मी तेथे बसणार. आड खोलीत जाऊन बसायची नाही."

तिसऱ्या प्रहरी अंगणातील चूल पेटली. कृती घरोघरच्या भगिनींस उपयोगी पडेल म्हणून ती येथे नोंदवितो. भात चिकट हवा, म्हणजे वाडग्यात तो घट्ट बसतो. बासमती येथे निकामी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेले इंद्रायणी वाण आता आपल्या जिल्ह्यात इगतपुरीकडेही पिकते, तेच घेतले. पहिल्या खेपेस दोन वाट्या तांदळास चार वाट्या पाणी घातले, आणि नव्या तांदळाची पेज झाली. दुसऱ्या खेपेस तांदूळ वीस मिनिटे भिजवून सव्वातीन वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजविला, तेव्हा साधला. तो गरम असतानाच दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा साखर व अर्धा चमचा मीठ हलक्या हाताने मिसळले. जपानी लोक यासाठी तांदळाचा शिरका वापरतात.

तिखट सॉसाची अडचण अधिक होती. परदेशात तेल व अंडे घुसळून केलेल्या मेयोनीजमध्ये लाल मिरचीचा सॉस मिसळतात. कोणीतरी चक्का सुचविला, त्यावर सौ. ठामपणे म्हणाल्या, "मासा आणि दूधदही एकत्र नको. वैद्यकात तो विरुद्धाहार सांगितला आहे." मग त्यांनीच वाट काढली. मूठभर भाजलेले शेंगदाणे, चमचाभर भाजलेले तीळ, पाण्यात भिजविलेल्या चार सुक्या लाल मिरच्या, पाच लसूणपाकळ्या, सुपारीएवढा गूळ, लिंबू व मीठ, हे सर्व पाट्यावर गंधासारखे वाटून थोड्या पाण्याने सैल केले. खानदेशच्या वेशीवरच्या या गावात शेंगदाणा व मिरची यांची जोडी ठरलेलीच. मेयोनीजचा स्निग्धपणा तिने आपसूक दिला. नातीच्या वाट्याच्या वाटणात मिरची एकच घातली.

मरळीचे इंचभर तुकडे सूनबाईंनी हळद, मीठ, लिंबू व आलेलसूण लावून पाव तास ठेवले, आणि मग तेल सोडलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे खरपूस भाजले. तुकडा दाबताच पापुद्रे सुटे झाले की मासा शिजला. गोड्या पाण्यातील मासा कधीही कच्चा खाऊ नये. त्यात जंतांचे भय असते. परदेशी राहणाऱ्या भगिनींनी सॅमन वापरल्यास त्याला तेल कमी लागते, कारण चरबी त्याच्या अंगचीच असते. काकडीच्या चकत्या लिंबू-मिठात मुरविल्या, कांद्याची पात चिरली, आणि त्या काळ्या समुद्री पानांच्या जागी नागलीचा पापड निखाऱ्यावर भाजून चुरला.

सौ. पाटावर बसून हे सारे पाहत होत्या. पहिला वास उठला तेव्हा त्यांनी पदर नाकाशी नेला, हे आम्ही पाहिले. आणि नातीचे डोळे आपल्याकडे लागले आहेत हे दिसताच तो खाली घेतला, हेही पाहिले. त्यांच्यासाठी व आमच्यासाठी दुसऱ्या तव्यावर भरिताच्या वांग्याच्या जाड फोडी तोच मसाला लावून भाजल्या होत्या. वांगे आतून लोण्यासारखे मऊ होते आणि वाटण अंगभर घेते. शाकाहारी घरांनी वाडगा करावयाचा तर याहून चांगला पर्याय आम्हांस दिसत नाही.

अंगणातच पंगत बसली. वर गडाचा कडा मावळतीच्या उन्हात तांबूस झाला होता. नातीने वाडगा दोन्ही हातांत धरला, पहिला घास घेतला, आणि थोडा विचार करून म्हणाली, "हा सॅमन नाही." सूनबाईंचा चेहरा पडला. "पण वाडगा तोच आहे," असे म्हणून तिने खाली मान घालून तो तळापर्यंत साफ केला, आणि आजीच्या वाडग्यातील वांग्याची एक फोड न विचारता उचलली.

मासा आमच्या घरात आजही येत नाही, आणि यापुढेही येईल असे वाटत नाही. ती आमची रीत आहे आणि तिची आम्हांस लाज नाही. परंतु आपली रीत पाळणे वेगळे, आणि तिच्या धाकाने लहान मुलास लपवाछपवी शिकविणे वेगळे. हा भेद आम्हांस साठी उलटल्यावर वणीच्या एका परक्या अंगणात कळला.

निघण्याच्या दिवशी सामान गाडीत चढत असता सौ.नी सूनबाईंच्या हाती वाटणाची एक बरणी ठेवली. म्हणाल्या, "उन्हाळ्यात आम्ही येऊ तेव्हा तुझ्या फ्रीजमधले काही हलवू नकोस. वरची एक फळी मला पुरे. बाकीच्या तुमच्या."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी घेतली, आणि वाकून नमस्कार केला.