कॅसेट घ्यायची तर अकिहाबारात!

टोक्योहून कुणी किमोनो आणतं, कुणी स्वयंपाकघरातली सुरी, कुणी माचा फ्लेवरचं चॉकलेट. आम्ही आणल्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या कॅसेट्स... त्याही ओरिजिनल!

एक छोटीशी टेस्ट. टीव्ही गेमची कॅसेट चालत नसेल, तर तुम्ही सगळ्यात आधी काय करता? उत्तर 'काढतो, फुंकर मारतो, परत लावतो' असं असेल, तर बॉस, तुम्ही आपल्याच टोळीतले! आणि ही टोळी टोक्योला गेली, की देवळं आणि चेरीचा बहर दुसऱ्या दिवसावर ढकलते आणि थेट अकिहाबारा स्टेशनवर उतरते.

का? जरा मागे जाऊ या. नव्वदच्या दशकात आणि दोन हजारच्या सुरुवातीला आपल्याकडे टीव्ही गेम मिळायचा तो वाढदिवसाला, नाहीतर परीक्षेत चांगले मार्क पडले तर. सोबत '९९९९ इन १' छापलेली पिवळी कॅसेट. आत खरे गेम्स असायचे मोजकेच, बाकी सगळी नावं बदलून तीच मंडळी! मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली. डब्यावर नाव काहीही असो, आत नक्कल असायची ती निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या जपानी मशीनची. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, किंमत १४,८०० येन. एकट्या जपानमध्येच तो १ कोटी ९० लाखांहून जास्त विकला गेला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पोहोचली ती त्याची कॉपी. थोडक्यात काय, तर आपलं अख्खं गेमिंगचं लहानपण झेरॉक्सवर गेलं. मूळ प्रत बघायची असेल, तर ती अकिहाबारात.

लॅमिंग्टन रोड, पण आठ मजली

स्टेशनच्या 'इलेक्ट्रिक टाऊन' एक्झिटमधून बाहेर पडलात, की मुंबईकराला पहिला आठवतो तो लॅमिंग्टन रोड. उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांचे ठेले लागले. पुढे ते रेल्वेच्या पुलाखालच्या गाळ्यांत गेले. मग आले फ्रीज-टीव्ही, मग कॉम्प्युटर आणि त्यांच्या पाठोपाठ गेम्स आणि ॲनिमे. पुलाखाली अजूनही वायरी, स्विच आणि रेझिस्टर सुटे मिळतात. फरक इतकाच, की इथली दुकानं आडवी नाही, उभी वाढलीत. तळमजल्यावर काही दिसलं नाही म्हणून परत फिरू नका. खजिना वर असतो, नाहीतर तळघरात.

माझ्यासोबत होता कॉलेजचा मित्र. आयटीतला, गेली काही वर्षं टोक्योत, निशी-कासाईला राहतो. (हो, तीच भारतीयांची वस्ती. इडली-डोशाचीही सोय आहे!) त्याने सुरुवातीलाच बजावलं, "हे बघ, पहिल्या दिवशी काहीही घ्यायचं नाही. नुसते भाव बघायचे. आई दादरला साड्या बघते ना, अगदी तसं."

पहिला थांबा अर्थातच 'सुपर पोटॅटो'. रेट्रो गेमिंगवाल्यांची पंढरी म्हणा ना. अरुंद दार, वर जाणारा जिना आणि कानावर आठ-बिटचं संगीत. कपाटांमध्ये शेकडो कॅसेट्स पुस्तकांसारख्या उभ्या, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकीवर किंमत. पाचव्या मजल्यावर नाणं टाकून खेळायची जुनी मशिन्स. जवळच 'मांदाराके'ची आठ मजली काळी इमारत आणि जुने कॉम्प्युटर, आर्केड मशीनचे सर्किट बोर्ड असलं काही शोधत असाल, तर तळघरातलं 'बीप'.

मारिओ स्वस्त कसा?

पहिला धक्का इथेच बसतो. सगळ्यात फेमस गेम सगळ्यात महाग असणार, असं आपल्याला वाटतं. साफ चूक! 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) जपानमध्ये लाखांनी खपला. त्यामुळे तो आजही ढिगाने मिळतो आणि सुटी कॅसेट म्हणाल, तर दोन-चार कॉफींच्या पैशांत येते. महाग असतात ते गेम्स, जे मशीनच्या अखेरच्या काळात आले, कमी छापले गेले आणि कुणाच्या लक्षातही आले नाहीत. नाव नाही, संख्या भाव ठरवते.

दुसरा फंडा खोक्याचा. जपानी पोरांनी कार्डबोर्डचं खोकं फाडून फेकलं आणि कॅसेट ठेवली. त्यामुळे खोकं आणि माहितीपुस्तिका दोन्ही असलेल्या गेमची किंमत सुट्या कॅसेटच्या कितीतरी पट होते. खेळायला हवाय की शोकेसला? हा निर्णय दुकानात शिरायच्या आधी घ्या. आत गेल्यावर डोकं चालत नाही.

आणि मग ओळखीचे चेहरे भेटायला लागतात. टोपीवाला, गवताचा झगा घातलेला, कुऱ्हाडी फेकणारा तो हीरो आठवतो? स्केटबोर्डवरून सुसाट जाणारा? आपल्याकडच्या यादीत तो 'ॲडव्हेंचर आयलंड' होता. इथे त्याच्या कॅसेटवर नाव आहे 'ताकाहाशी मेइजिन नो बोकेनजिमा', म्हणजे 'मास्टर ताकाहाशींचं साहसी बेट'. हे ताकाहाशी खरेखुरे गृहस्थ! गेम काढणाऱ्या हडसन कंपनीतले कर्मचारी. सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतात, म्हणून ऐंशीच्या दशकात जपानी मुलांमध्ये ते स्टार होते. आपण वर्षानुवर्षं ज्यांना खड्ड्यात पाडलं, ते कुणाचे तरी ऑफिसमधले सहकारी होते!

कॉन्ट्राचीही तीच गंमत. १९८८ च्या जपानी आवृत्तीत दोन लेव्हल्सच्या मध्ये नकाशा दिसतो, जंगलातली झाडं हलतात, बर्फाच्या लेव्हलमध्ये खरंच बर्फ पडतो. कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची खास चिप घातली होती, म्हणून. अमेरिकेतल्या आवृत्तीत यातलं काही नाही. झेरॉक्सवर रंग उतरत नाहीत, म्हणतात ते हेच.

पिवळ्या पट्ट्याची लोकल

भावांचं म्हणाल, तर अकिहाबारा आता पर्यटकांचं झालंय. येन घसरला, जगभरातले कलेक्टर्स इथे येऊन धडकले आणि किमती चढल्या. गल्लीही बदलतेय. सेगाचं प्रसिद्ध गेमिंग सेंटर, 'अकिहाबारा बिल्डिंग २', ऑगस्ट २०२० मध्ये बंद झालं. सेगाच्या उरलेल्या सेंटर्सवरही २०२२ पासून 'गिगो' हे नाव चढलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबू लोकल पकडा. गाडी न बदलता, साधारण वीसेक मिनिटांत नाकानो. तिथलं 'नाकानो ब्रॉडवे' हे १९६६ चं शॉपिंग सेंटर. खाली चपला-भाजीची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर खेळणी, कॉमिक्स, घड्याळं, गेम्स. मांदाराके १९८० मध्ये सुरू झालं ते इथेच, जुन्या कॉमिक्सचं एक छोटंसं दुकान म्हणून. गर्दी कमी, फिरायला निवांत. आणि खरं बार्गेन हवं असेल, तर शहराबाहेरचं एखादं 'हार्ड ऑफ' गाठा. 'जंक' लिहिलेल्या निळ्या टोपल्यांमध्ये हात घालून शोधायची मजा काही औरच! फक्त 'जंक' म्हणजे चालेल की नाही याची गॅरंटी शून्य, परत घेणार नाहीत.

खिसा सांभाळा, फ्यूजही

● जपानमध्ये वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जुना जपानी अडॅप्टर घरी येऊन थेट प्लगमध्ये घातलात, तर धूर! स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्याच.

● लाल-पांढरा मूळ फॅमिकॉम दिसतो झकास, पण तो अँटेनाच्या वायरने जपानी चॅनलवर लागतो. खेळायचं असेल, तर डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'न्यू फॅमिकॉम' शोधा. त्याला एव्ही आऊटपुट आहे. टीव्हीला एनटीएससी चालतं ना, तेवढं बघा.

● गेम बॉयच्या कॅसेट्सना देशाची सीमा नाही, कुठलीही कुठेही चालते. स्विचचंही तसंच. प्लेस्टेशन १ आणि २, तसंच ३डीएस मात्र रीजन लॉक.

● पिवळं पडलेलं मशीन म्हणजे बिघडलेलं मशीन नव्हे. प्लास्टिकमधल्या रसायनांचा तो उन्हाशी झालेला संसार आहे. याच कारणासाठी घासाघीस मात्र करू नका, किंमत ठरलेली असते.

● आणि फुंकर बंद! तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटच्या पिना गंजतात. कापूस आणि आयसोप्रोपाईल अल्कोहोल, बस.

नवीन कोरं, पण आपलं?

नवे गेम्स घ्यायचे, तर स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला 'योदोबाशी'चं अवाढव्य दुकान आहे. तिथे मी स्विच २ समोर बराच वेळ उभी होते. ५ जून २०२५ ला आलेल्या या मशीनची फक्त जपानी भाषेतली आवृत्ती लाँचला ४९,९८० येनला होती आणि सगळ्या भाषांची ६९,९८० ला. स्वस्त दिसतंय म्हणून उचलाल, तर मेनूसुद्धा वाचता येणार नाही.

खरी गोम पुढेच आहे. स्विच २ च्या काही गेम्सच्या डब्यात 'गेम-की कार्ड' असतं. कार्ड आहे, पण गेम त्यात नाहीच! तो इंटरनेटवरून उतरवायचा. सर्व्हर आहे तोवर गेम आहे. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू यांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजणी केली, तेव्हा तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आता विकतच मिळत नाहीत, असं दिसलं. मला वाटतं, टोपल्यांमध्ये हात घालणाऱ्या वेड्यांना शहाणं ठरवणारा आकडा हाच. चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट आजही लावली की चालू होते. कुणाची परवानगी लागत नाही.

अर्थात कॅसेटलाही मरण आहे. आपण कुठवर खेळलो ते लक्षात ठेवायला अनेक कॅसेट्सच्या आत बटणासारखी एक छोटी बॅटरी असते, सोल्डर केलेली. ती संपली, की आठवण पुसली.

हे सगळं डोक्यात असतानाच नाकानोत मला एक कॅसेट मिळाली. १९९६ च्या 'पोकेमॉन रेड'ची. मागे मार्करने, लहान मुलाच्या अक्षरात नाव लिहिलेलं. अशा कॅसेट्स जपानमध्ये खूप सापडतात. मित्राकडे खेळायला न्यायची, हरवू नये म्हणून नाव. दुकानदार त्या स्वस्तात देतात, कारण कलेक्टरला डाग नको असतो. नाव लिहिलेल्या कॅसेट्स मुद्दाम जमवून त्या मूळ मालकांना परत मिळाव्यात म्हणून धडपडणारे एक गृहस्थही जपानमध्ये आहेत.

रात्री गेम बॉयला लावली. बॅटरी जिवंत! 'पुढे चालू'च्या खाली तेच नाव. मित्राने वाचून दाखवलं, "बॅज सात. आठवा राहिलाय बघ बिचाऱ्याचा." नवा गेम सुरू करून सेव्ह केला, की हा मुलगा गेला. बॅटरी बदलली, तरी गेला. काही केलं नाही, तर थोड्या वर्षांत तसाही जाणार.

"आता काय करणार?" मित्राने विचारलं.

कॅसेटमधला सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं एक छोटं यंत्र मिळतं. पुण्याला परतल्यावर मी पहिलं काम ते केलं. मग नवी बॅटरी टाकून घेतली आणि सेव्ह परत कॅसेटमध्ये भरला. आता तो अजून बरीच वर्षं टिकेल. स्वतः खेळायला मी दुसरी कॅसेट घेतलीये, बिननावाची. या कॅसेटमधला आठवा बॅज तसाच ठेवलाय. तो ज्याचा आहे, त्यानेच घ्यावा.