सहावी पेनल्टी

मिडल्सब्रो,
रविवार रात्र

प्रिय भाच्यास,


तुझा मेसेज ऐकला. फायनल टायब्रेकरला गेली, शेवटची पेनल्टी तुमच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं बारवरून घालवली आणि आता पेठेतल्या ग्रुपवर त्याच्या फोटोला हार घालून तो फिरवताहेत. कार्यकारिणीतली मंडळी म्हणतात, पुढच्या हंगामाला या पोराची नोंदणीच करू नका. आणि तू मला विचारतोस, "मामा, तू साऊथगेटच्या गावात राहतोस, त्यानं असल्या वेळी काय केलं असतं?"

आधी एक दुरुस्ती. इंग्लंडचा माजी मॅनेजर साऊथगेट या गावचा नव्हे. जन्म वॉटफर्डचा, वाढला क्रॉलीत. इथं आला २००१ मध्ये. २००४ ला कार्डिफमध्ये बोल्टनला २-१ हरवून आमच्या क्लबनं लीग कप घेतला, तेव्हा तो कर्णधार होता. १८७६ साली निघालेल्या क्लबची ती पहिली मोठी ट्रॉफी, म्हणजे गावाला काय वाटलं असेल ते तुला शाहू स्टेडियमवर वाढलेल्याला सांगायला नको. पुढे मॅनेजर म्हणून त्याच्याच हातून संघ खालच्या डिव्हिजनला गेला. त्यामुळे इथल्या पबमध्ये त्याचं नाव काढलंस तर दोन टेबलांवर दोन मतं ऐकायला मिळतील.

"काय केलं असतं" याचा अंदाज बांधायची गरज नाही. त्यानं काय केलं ते जगासमोर आहे. पण त्यासाठी आधी १९९६ ला जावं लागेल, कारण ती गोष्ट सगळे अर्धीच सांगतात.

२६ जून १९९६. वेम्ब्ली, युरोची सेमीफायनल, समोर जर्मनी. शिअररनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, कुंट्झनं तो फेडला, जादा वेळेनंतरही १-१. टायब्रेकरला शिअरर, प्लॅट, पिअर्स, गॅस्कॉइन, शेरिंगहॅम या पाचही जणांनी जाळी हलवली. जर्मनीच्याही पाचांनी हलवली. आता सडनडेथ. सहावा कोण? भरवशाची नावं संपली होती. पंचवीस वर्षांचा साऊथगेट पुढे झाला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यानं त्याआधी एकच पेनल्टी मारलेली, क्रिस्टल पॅलेसकडून, आणि तीही पोलला लागलेली. कॉपकेनं त्याचा फटका अडवला, मोलरनं पुढचा मारला आणि इंग्लंड घरच्या मैदानावर बाहेर.

लोकांनी लक्षात काय ठेवलं? त्यानं चुकवली. माझ्या लेखी महत्त्वाचं ते त्याच्या आधीचं. त्या रात्री त्याच्याकडे जिगर होती, तयारी नव्हती. पेठेत आपण नेहमी जिगरच मोजतो. "कोण मारतोय रे?" म्हणून कोच रिंगण करून विचारतो, ज्याच्या अंगात रग आहे तो हात वर करतो, आणि त्याची चुकली की जे गप्प उभे होते तेच त्याला शिव्या घालायला मोकळे. तुमच्या फायनलला कोच म्हणून तुझी पेनल्टी मारणाऱ्यांची यादी आधी लिहिलेली होती का, एवढं मला फोनवर सांग. नसेल तर चर्चा त्या पोराच्या पायापासून सुरू होत नाही.

साऊथगेटला मग वर्षानुवर्षं त्या एका फटक्यावरून ओळखलं गेलं. सख्ख्या आईनंही विचारलं म्हणे, जोरात का नाही हाणलास? १९९० च्या वर्ल्ड कपच्या टायब्रेकरला चुकवलेले वॉडल आणि पिअर्स यांच्याबरोबर त्यानं पिझ्झाची एक जाहिरात केली, त्यात तो डोक्यावर कागदी पिशवी घालून बसलाय. मला ती जाहिरात कधी आवडली नाही. स्वतःवर हसून घेतलं की लोक हसायचे थांबतात, हा एक गोड गैरसमज आहे. ते आणखी हसतात.

धक्के त्याला नवे नव्हते. पॅलेसमध्ये पोरसवदा होता तेव्हा युवा संघाचा कोच अ‍ॅलन स्मिथ यानं त्याला तोंडावर ऐकवलं होतं की फुटबॉलपेक्षा तू ट्रॅव्हल एजंट बरा होशील. पुढे त्याच स्मिथनं त्याला कर्णधार केलं आणि १९९४ ला संघ वर चढला. इथं मिडल्सब्रोत २००६ च्या उन्हाळ्यात त्याला थेट मॅनेजर केलं, वय पस्तीस, कोचिंगचं वरचं लायसन्स हातात नाही, खास परवानगी काढावी लागली. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये थट्टामस्करी केली त्यांनाच आज बाहेर बसवायचं. हे दुखणं तुझ्याही वाट्याला आलंय, कारण तूही परवापर्यंत त्यांच्यातच हाफ खेळत होतास. २००९ ला संघ प्रीमियर लीगमधून घसरला, आणि ऑक्टोबरमध्ये एक मॅच जिंकल्यानंतर, पहिल्या नंबरपासून एका गुणावर असताना, त्याला काढलं. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं त्याच्या हाताखाली कुठलाच संघ नव्हता. टीव्हीवर बोलला, फुटबॉल असोसिएशनमध्ये मुलांच्या प्रशिक्षणाचं काम केलं, मग २०१३ ला एकवीस वर्षांखालच्या संघाचा कोच झाला. २०१६ मध्ये इंग्लंड युरोत आइसलंडकडून हरलं, पुढचा मॅनेजर एका मॅचनंतर गेला, आणि रिकाम्या खुर्चीवर हा बसला. तात्पुरता म्हणून.

ठेच लागली की माणूस शहाणा होतो असं आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. ठेच लागलेले ढीगभर आहेत. पिअर्स नंतर मोठा कोच झाला, वॉडल नामांकित समालोचक झाला, पण १९९० नंतर १९९६, १९९८, २००४, २००६, २०१२ असं इंग्लंड टायब्रेकरला हरतच राहिलं. मधे एकदाच, १९९६ लाच, स्पेनविरुद्ध जिंकलं. दर वेळी देशानं एकच सूर लावला: लॉटरी आहे, नशीब आहे, प्रेशर आहे. साऊथगेटचं वेगळेपण एवढंच की त्यानं स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्या फटक्याकडे सुतारानं लाकडाकडे बघावं तसं बघितलं. गाठ कुठं आहे, करवत कुठं अडते.

अडत होती ती बारीकसारीक जागी. नॉर्वेतल्या एका संशोधकानं टायब्रेकरची रेकॉर्डिंग्ज तपासून दाखवलं होतं की रेफरीची शिट्टी वाजल्यावर इंग्लंडचे खेळाडू फार घाईनं मारतात, लवकर सुटका करून घ्यायची असल्यासारखे. मग २०१८ च्या वर्ल्ड कपआधी काही महिने त्यानं सराव सुरू केला. अंग थकलेलं असताना मारायचं. मधल्या वर्तुळापासून एकट्यानं चालत जायचं, कारण खरी परीक्षा त्या चालण्यात असते. चेंडू आपल्या गोलीनं आपल्या माणसाच्या हातात द्यायचा, म्हणजे समोरच्या गोलीशी नजरानजर आणि चेंडूची ओढाताण वाचते. शिट्टीनंतर श्वास घ्यायचा, मग धावायचं. पिपा ग्रेंज नावाची मानसशास्त्रज्ञ संघाबरोबर होती. आणि नंबर आधी ठरलेला.

३ जुलै २०१८, मॉस्को, कोलंबिया. १-१, टायब्रेकर. हेंडरसनची अडवली गेली, तरी कुणाचा चेहरा पडला नाही. उरिबेनं बारवर मारली, पिकफर्डनं बाक्काची हातानं उडवली, डायरनं शेवटची घातली. वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडनं जिंकलेला तो पहिला टायब्रेकर. गाव इथं रस्त्यावर होतं. आणि टीव्हीवर साऊथगेट काय करत होता? उरिबेला मिठी मारून उभा होता. शत्रूपक्षाच्या, चुकवलेल्या पोराला. तो फोटो तुझ्या तालमीत लाव, असं म्हणणार होतो, पण राहू दे, उगाच देव्हारा होईल.

आता तुझ्या प्रश्नाकडे. ११ जुलै २०२१, पुन्हा वेम्ब्ली, युरोची फायनल, इटली. शॉचा दुसऱ्या मिनिटाला गोल, बोनुचीचा ६७ व्याला, पुन्हा १-१, पुन्हा टायब्रेकर. केन आणि मॅग्वायरनं घातल्या. रॅशफर्डची पोलला लागली, सँचोची आणि साकाची डोनारुम्मानं अडवली. साका एकोणीस वर्षांचा. पाचवी, सगळ्यांत जड पेनल्टी त्याच्या वाट्याला आली. त्या रात्रीपासून या तिघा कृष्णवर्णीय पोरांवर सोशल मीडियावर जी घाण ओतली गेली, तिच्यापुढे तुझ्या पेठेचा ग्रुप म्हणजे भजनी मंडळ.

साऊथगेटनं मॅच संपल्यावर सांगितलं की कुणी कितवी मारायची हे मी ठरवलं, सरावात बघून ठरवलं, त्यामुळे जबाबदारी माझी. बस. रडारड नाही, पोराला "पुढच्या वेळी बघू" असा जाहीर उपदेश नाही. हे त्याला म्हणता आलं, कारण ते खरं होतं. यादी खरोखरच त्यानं केली होती. तू आज कार्यकारिणीसमोर "दोष माझा" म्हणालास तर ते मोठेपणा म्हणून ऐकतील आणि पोराला काढतीलच. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाला यादी लिहून भिंतीवर लाव, खाली तुझी सही कर, मग बोल.

साकाचं पुढं काय झालं तेही सांगतो. त्याच्या क्लबात लोकांच्या पत्रांची भिंत उभी राहिली. ऑगस्टमध्ये सरावाच्या मॅचला तो टॉटनहॅमच्या मैदानात उतरला, म्हणजे आर्सेनलच्या जन्मोजन्मीच्या वैऱ्याच्या घरात, तेव्हा तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे समोरच्या पेठेनं असं करावं अशी माझी अपेक्षा नाही, स्वतःच्या पेठेनं तरी करावं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यानं चेल्सीविरुद्ध पेनल्टी घातली. २०२४ च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध आधी बरोबरीचा गोल केला आणि टायब्रेकरलाही घातली. त्या दिवशी इंग्लंडच्या पाचही जाळीत गेल्या. त्याला यादीतून वगळणं साऊथगेटला किती सोपं होतं, विचार कर.

पण आंधळी भक्ती नको. २०२१ च्या फायनलला रॅशफर्ड आणि सँचोला त्यानं १२० व्या मिनिटाला, फक्त पेनल्टीसाठी उतरवलं. पाय गार, चेंडूला धड स्पर्श नाही. सरावातला आकडा त्यानं मैदानातल्या अंगापेक्षा मोठा मानला. तयारीचंही व्यसन लागतं, ते हे. तू असं कधी करू नकोस, पोरगं पेनल्टीसाठी उतरवायचंच असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी घाल, पळू दे, एक-दोन धक्के खाऊ दे.

दाजींचा आरोप माझ्या कानावर आलाय की साऊथगेट मुळात भित्रा, गोल झाला की मागं सरकून बसणारा. २०२४ च्या युरोत स्लोव्हेनियाशी ०-० झाल्यावर त्याच्याच लोकांनी त्याच्यावर बिअरचे कप फेकले, त्यांचंही हेच मत होतं. फायनलला कोल पामरला सत्तराव्या मिनिटापर्यंत बाकावर ठेवला, त्यानं आल्या आल्या गोल केला, तरी शेवटी स्पेन २-१. दोन दिवसांत साऊथगेटनं राजीनामा दिला, १०२ मॅच झाल्या होत्या. लागोपाठ दोन युरो फायनल, एक वर्ल्ड कप सेमीफायनल, आणि ट्रॉफी शून्य. १९६६ नंतरचा सगळ्यांत बरा हिशेब, तरी शून्य ते शून्यच. इटलीविरुद्ध दुसऱ्या मिनिटाला पुढे गेल्यावर तासभर बचाव करायची काय गरज होती, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. या एका बाबतीत मी पूर्णपणे दाजींच्या बाजूचा आहे. पण ते त्यांना कळवू नकोस, वर्षभर ऐकवतील.

ताईला नमस्कार. यादीचं फोनवर सांग.

तुझा,
मामा