हळद घरची असली तरी विचारूनच

आम्ही वसमत तालुक्यातले. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजू लागली की तिचा वास अंगावरच्या कपड्यांतून जात नाही. मोंढ्यात कट्ट्यांच्या थप्प्या लागतात आणि मुलांची फी, मुलींची लग्ने त्यावरच निघतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा घरोघरी आनंद झाला.

आमच्या खालांना स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर टॅमॉक्सिफेनची गोळी रोज सुरू झाली. भेटायला येणारे प्रेमाने एकच सांगत, "घरची हळद आहे, काळी मिरी घालून काढा द्या." कोणी हळदीच्या कॅप्सूलही आणून दिल्या.

सल्ला अगदीच निराधार नव्हता. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फार थोडे उतरते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांना दिसले की मिरीतील पायपरीन सोबत दिल्यास ते सुमारे वीस पट उतरते. पण पायपरीन इतर औषधांच्या कामातही हात घालते. टॅमॉक्सिफेनचे यकृतात एन्डॉक्सिफेन होते आणि खरे काम मुख्यतः तेच करते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या एका छोट्या अभ्यासात, ही गोळी घेणाऱ्या रुग्णांना कर्क्युमिन व पायपरीन दिल्यावर रक्तातील एन्डॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

कॅप्सूलची बाटली घेऊन आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सालनातली हळद चालू ठेवायला सांगितली; काढा आणि कॅप्सूल नको म्हणाले. खाला हिरमुसल्या. "आपल्याच शेतातली हळद मला चालत नाही?" चालते, खाला, पण जेवणात. औषध म्हणून नाही.

अब्बांच्या बाबतीतही असेच झाले. हृदयासाठी 'ड' जीवनसत्त्वाची पुडी घ्या, असे कोणी सांगितले. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र रोज २००० युनिट घेऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. हाडांसाठी हे जीवनसत्त्व लागतेच. घरातच दिवस जाणाऱ्या आपल्या बायकांमध्ये ते कमी असू शकते. पण मोठ्या मात्रेच्या पुड्या मनाने घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

रमजानमध्ये तर विचारणे अधिकच गरजेचे. प्रोस्टेट कॅन्सरची अ‍ॅबिराटेरोन ही गोळी साधारणपणे उपाशीपोटी घ्यायची असते. तेलकट जेवणासोबत ती रक्तात कित्येक पट जास्त उतरते. काही गोळ्या उलट जेवणानंतरच्या असतात. त्यामुळे सहरी-इफ्तारची वेळ स्वतः ठरवू नये. आजारी माणसाला पवित्र कुरआनने रोज्यात सवलत दिली आहे. ती घेण्यात कसला कमीपणा?

आम्ही आता एका वहीत गोळ्या, काढे, पुड्या, सगळे लिहून ठेवतो आणि दर खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवतो. शिफा अल्लाहच्या हातात आहे. विचारणे आपल्या हातात आहे.