पारोळ्याचा खंदक

सुरतेच्या गोडादऱ्यात नुसत्या आडनावावर कुणी थांबत नाही. पाटील म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोनता गावना शेतस, भाऊ?" मग शिरपूर, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, चोपडा अशी गावं सुरू होतात. सुरत-भुसावळ रेल्वेने आणि पुढे धुळ्याच्या महामार्गाने अर्धा खानदेश इथे येऊन लूमच्या खात्यांत, साडीच्या गोदामांत आणि रो-हाउसांच्या गल्ल्यांत मुरला. मी पारोळा सांगतो. समोरच्याला बालाजीचा रथ आठवतो, क्वचित कुणाला बाजार. किल्ला आजवर कुणाला आठवलेला नाही, आणि तो तर गावाच्या ऐन मध्यात उभा आहे.

यंदा दिवाळीनंतर खंदकाच्या कडेचं आमचं घर पडलं. पडलं म्हणजे पाडलं. काकांनी विकलं, घेणाऱ्याने जेसीबी लावला, आणि मला ते शेजाऱ्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळलं. हिश्शाचं बोलणार नाही. बोललो तर भाऊबंदकीत उद्या कानबाई देवीच्या रोटाला बसता येणार नाही. पण व्हिडिओत मातीचं धाबं खाली बसल्यावर मागे एकदम किल्ल्याचा बुरूज दिसला. त्या परसात वाढलो, पण तो बुरूज इतका सबंध मी कधी पाहिला नव्हता. मध्ये आमचंच घर होतं.

किल्ला भुईकोट. 1727 मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, असं खानदेशचं जुनं गॅझेटियर सांगतं. पन्नासेक घरांच्या खेड्याला त्यांनीच तटबंदीचं शहर केलं म्हणे. लांबी 525 फूट, रुंदी 435 फूट, भोवती खंदक आणि त्यावर काढता-घालता येणारा पूल. सह्याद्रीतल्या किल्ल्यांपुढे हा कुणाच्या खिजगणतीत नसतो, कारण इथे दम लागत नाही आणि कड्यावरून फोटो निघत नाहीत. पण हा मुळात लढायला कमी आणि राहायला जास्त बांधलेला, पाण्याचं कुंपण घातलेला वाडाच. ही जहागीर नेवाळकरांची, झाशीच्या नेवाळकरांच्या भाऊबंदांची. लक्ष्मीबाईंनी 1853 मध्ये दत्तक घेतलेला दामोदरराव याच भाऊबंदकीतला. 1821 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याला मारण्याचा कट पारोळ्यात शिजला, आणि 1857 च्या उठावात जहागीरदार इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. जहागीर जप्त झाली, किल्ला मोडून टाकला गेला. मोडला म्हणजे ओसाड केला. भिंती तशाच राहिल्या आणि खंदक गावाच्या हवाली झाला.

गावाने त्यात काय टाकलं हे मला मोठ्या मायला विचारावं लागलं नाही. ती ते रोज मोजायची. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. सकाळी परसदार उघडून ती खंदकाकडे तोंड करून उभी राही आणि राख, उष्टं, फाटकी चप्पल, कुणी काय रिकामं करतंय ते बघून पलीकडच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "तुना बापना खंदक शे का?" खंदक कुणाच्या बापाचा, हा तसा कायद्याचाच प्रश्न होता, पण तो कुणी तिला उलट विचारला नाही. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा पावसाळ्यात खंदक भरायचा, आणि रात्री बेडकांमुळे झोप लागायची नाही. आजोबांवर रागावण्याची तिची जी ठरलेली कारणं होती, त्यांत हे बेडूक पहिले.

एकदा संक्रांतीला माझा पतंग खाली गेला. मीही मागोमाग उतरलो आणि वर येता येईना. मोठी माय ओरडली नाही. तिने विहिरीचा दोर आणला, ओट्याच्या खांबाला गाठ मारली आणि दुसरं टोक खाली सोडलं. पण लगेच वर घेतलं नाही. "उतरलाच आहेस तर भिंतीला हात लावून सांग, गार लागते का?" लागत होती. दुपारची वेळ, बाहेर ऊन, आणि ते काळे दगड माठासारखे गार. दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचं बोटभर रोप होतं. ते उपट म्हणाली. मुळासकट आलं नाही, वरचा शेंडाच हातात आला. त्यावर मात्र ती चिडली. मला वर ओढून घेतल्यावर तिने दोर दोन्ही हातांनी कोपरावर गुंडाळला आणि पतंगाचं नावही काढलं नाही.

आजोबा गेल्यावर ती गोडादऱ्यात आली. दारात बसून साड्यांचं धागा कटिंग करायची. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून उतरलेल्या साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कैचीने कापायचे, कापडाला चीर जाऊ द्यायची नाही. साडीमागे मिळायचे ते रुपये ती पातळाच्या गाठीत बांधून ठेवी. सुरतेचा किल्ला नीट केलाय, चल दाखवतो, असं मी म्हणालो तर कैची न थांबवता म्हणाली, "दुसरास्ना किल्ला काय देखना?"

मी पाहून आलो. तापीकाठचा हा किल्ला 1540 ते 1546 मध्ये खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या भीतीने बांधला. दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यात शिसं ओतल्याचं जुने इतिहासकार लिहितात. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मुघल अधिकारी इनायतखान याच भिंतींआड दडून बसला होता. त्यामुळे मराठी माणसाला इथे तिकीट काढून आत जाताना थोडं हसू आवरावं लागतं. 1759 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, मग सरकारी कचेऱ्या भरल्या, आणि आता महापालिकेने संग्रहालय केलं आहे. खंदकही मोकळा केला आहे. तो बघताना मला बरं वाटायला हवं होतं. मत्सर वाटला.

असाच मत्सर जर्मनीचाही वाटतो. तिथे वेस्टफालियाच्या सखल मुलखात पाण्याने वेढलेल्या अशा जहागिरी गढ्या पुष्कळ आहेत. मुन्स्टरजवळच्या ह्युल्सहोफच्या गढीत 1797 मध्ये आनेटं फॉन ड्रोस्टं-ह्युल्सहोफ ही कवयित्री जन्मली. पुढे तिचा चेहरा वीस मार्कांच्या नोटेवर छापला गेला. आज त्या गढीत साहित्याचं केंद्र चालतं, आणि खंदकात पाणी आहे. आमच्या नेवाळकरांच्या सुनेलाही, लक्ष्मीबाईंना, 1957 मध्ये पोस्टाच्या तिकिटावर जागा मिळाली. तिच्या सासरच्या भाऊबंदांच्या गढीला मात्र भाजीबाजाराने आणि दुकानांनी असं झाकलंय की नवख्याला दरवाजा विचारत जावं लागतं.

गोडादऱ्यात पैसा नाही असं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा एकेका गल्लीत मंडप, वाजंत्री, फुगड्या, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला ही गर्दी. वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही. पारोळ्याच्या रथालाही इथून गाड्या भरून जातात. त्याच माणसांनी एकदा नगरपालिकेत जाऊन विचारावं की खंदकात सांडपाणी सोडायची परवानगी कुणी दिली. सुरतेचा खंदक उपसता येतो तर पारोळ्याचाही येतो. अडचण पैशाची नाही आणि पाण्याचीही नाही. कडेला ज्यांची बांधकामं आहेत ते सगळे आपलेच आहेत, आणि आता त्यात आमच्या विकलेल्या घराच्या जागेवर उठणारं कॉम्प्लेक्सही आलं.