परतावा विचारण्याआधी

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पोरांनी आम्हाला घेरलं. "दादा, यंदा कोणत्या सेक्टरमध्ये पैसे टाकायचे?" कुणी डिफेन्स म्हणालं, कुणी आयटी. आम्ही उलट विचारलं, "टाकलेले पैसे निम्मे झाले, तर तुझ्या घरातलं काय थांबेल?" सगळे गप्प.

हा प्रश्न आम्ही वर्गात शिकलो नाही. आमचे वडील २००७ च्या अखेरीस नोकरीतून निवृत्त झाले. हातात आयुष्यभराचे चार लाख. "देशात रस्ते, वीज, पूल होणारच," असं एका एजंटाने पटवलं आणि सगळी रक्कम पायाभूत सुविधांच्या एकाच फंडात गेली. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ९ हजारांखाली आला. बांधकाम, वीज, धातू यांचे शेअर त्याहून जास्त आपटले; साबण, बिस्किटं, औषधं विकणाऱ्या कंपन्या तुलनेने तगल्या. नेमकी तेव्हाच बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती. वडिलांनी फंड मोडला. हातात आले दीड लाख.

पुढे रस्ते झालेच. अंदाज चुकला नव्हता; आमच्याकडे थांबायची ऐपत नव्हती.

जात इथे आडवी येते. ज्याच्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे, अडीनडीला लाखभर देणारा मामा आहे, तो पाच-सात वर्षं थांबू शकतो. पहिल्या पिढीचा कमावता थांबू शकत नाही. फंड तोच, पण दोघांची जोखीम सारखी नाही. आणि निम्मे गेलेले पैसे परत मूळ रकमेवर यायला ५० नव्हे, १०० टक्के वाढ लागते.

मग बाजारच नको? हेही आम्हाला मान्य नाही. नुसत्या ठेवीचं व्याज महागाई खाते. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईकं फिरकेनाशी झाली. ज्या दारातून आपल्याला हाकललं, त्या दाराबाहेर आपण स्वतःहून का बसायचं? आत जायचंच, पण हिशेब करून.

आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. तिथे एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. मग आरोग्य विमा. तीन वर्षांत लागणारी फी किंवा लग्नाचा पैसा बाजारात नाही. उरलेलं अनेक क्षेत्रांत विभागलेल्या इंडेक्स फंडात, दरमहा. सेक्टर फंडातली किमान ८० टक्के रक्कम त्या एकाच क्षेत्रात असते. म्हणून तिथे फक्त बुडाली तरी चूल पेटती राहील एवढीच रक्कम.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोराला आम्ही एवढंच म्हणालो, "तुझा पगार आयटीचा, फंडही आयटीचा. मंदी आली तर नोकरी आणि बचत दोन्ही एकदमच जातील. आधी आईला विचार, घर किती महिने थांबू शकतं?"

जयभीम!