बिल्ल्यावर नाव नसे

चार्ल्सटन हे अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातलं जुनं बंदर. १६७० मध्ये वसलेलं. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर चर्चचे मनोरे, वारा धरणारे लांबच लांब सज्जे. पाहुण्यांना फिरवणारी घोडागाडी सारखी मान वर करायला लावते. मला मात्र इथल्या विटांचं वेड.

ओली वीट साच्यातून काढायची, उन्हात मांडायची, जरा आवळली की पालथी घालायची. नदीकाठच्या भट्ट्यांवर हे काम गुलामांचं. त्यांत मुलंही असत. मातीत बोट रुतायचं, वीट भाजली जायची, ठसा पक्का व्हायचा. जुन्या भिंतींतल्या एखाद्या विटेवर अजून त्या खळग्या आहेत. मोठ्या माणसाचं बोट त्यांत मावत नाही.

शहरात गुलाम भाड्याने देण्याची चाल होती. मालक दरसाल नगरपालिकेत पैसे भरी आणि गुलामाला तांब्याचा बिल्ला मिळे. त्यावर शहराचं नाव, साल, हमाल की कोळी की घरनोकर ते, आणि नंबर. माणसाचं नाव नसे. आपल्या स्टेशनांवरच्या हमालाच्या दंडालाही बिल्ला असतो, पण त्याची मजुरी त्याच्याच खिशात जाते. इथली मालकाच्या.

रॉबर्ट स्मॉल्स असाच भाड्याने दिलेला. बंदरात राबता राबता पाण्याच्या ओढी, वाळूचे दांडे, किल्ल्यांचे इशारे त्याला तोंडपाठ झाले. यादवी युद्धात दक्षिणेच्या ‘प्लँटर’ या आगबोटीचं सुकाणू त्याच्या हाती आलं. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, त्याने बोट सोडली. वाटेत बायकामुलांना चढवलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, सम्टर किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी दिली आणि पांढरी चादर लावून उत्तरेच्या आरमाराला जाऊन मिळाला. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

१८६५ च्या फेब्रुवारीत शहर उत्तरेच्या हाती पडलं. इथल्या घोडेशर्यतीच्या मैदानात दक्षिणेने उत्तरेच्या कैद्यांना उघड्यावर कोंडलं होतं. अडीचशेहून जास्त मेले, घाईघाईत पुरले गेले. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी ती प्रेतं उकरून रीतसर पुरली, भोवती कुंपण घालून त्याला चुना दिला, कमानीवर ‘शर्यतीच्या मैदानाचे हुतात्मे’ असं लिहिलं. १ मे रोजी फुलं घेऊन सुमारे दहा हजार माणसं आली. पुढे होती तीन हजारांच्या आसपास शाळकरी मुलं. गुलामाला लिहायला शिकवणं या मुलखात १७४० पासून गुन्हा होता. आता त्यांचीच मुलं शाळेची रांग करून, गात चालली होती.

तो दिवस शहराच्या आठवणीतून पार पुसला गेला. १९९० च्या दशकात डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराला जुन्या कागदांत त्याचा माग लागला. मधल्या काळात मैदानाचं हॅम्प्टन पार्क झालं होतं. हॅम्प्टन हा गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यातला सेनापती. युद्ध कोण हरलं हे बागेची पाटी वाचून कळत नाही. नावं ठेवायचा हक्क कुणाकडे राहिला, तेवढं कळतं.