वळिवडेच्या छावणीचा इतिहास कोणी लिहिला?

निर्वासितांवर संशोधन करणाऱ्यांच्या जाळ्याचा विषय निघाला की विद्यापीठं आणि संशोधन संस्थांची नावं पुढे येतात. ऑक्सफर्डचं निर्वासित अभ्यास केंद्र १९८२ पासूनचं, कोलकात्याचा महानिर्बाण संशोधन गट १९९६ पासूनचा. कामं मोठीच आहेत. पण या विषयात नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी कोल्हापूरजवळच्या वळिवडेला पाठवतो.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. पुढे सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली; त्यांत बायका-मुलंच अधिक. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं असं एक गावच उभं राहिलं. मग ती माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडापर्यंत पांगली.

त्यांचा इतिहास त्यांनी स्वतःच लिहिला. छावणीत वाढलेल्या मुलांनी उतारवयात संघटना चालवली, एकमेकांना शोधलं, पत्रं, फोटो, आठवणी गोळा केल्या आणि २००० साली लंडनमध्ये जाडजूड पोलिश ग्रंथ काढला. मागाहून तो इंग्रजीतही आला. आज वळिवडेवर प्रबंध लिहिणाऱ्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. संशोधनाचं जाळं म्हणतात ते हेच.

पोलिश गेले आणि त्याच जागी फाळणीनंतरचे सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. कापडाच्या घाऊक खरेदीला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? पोलिशांची आठवण सांगणारा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे. वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिलं. सिंध्यांच्या आठवणी मात्र बहुतेक घरातल्या घरातच राहिल्या. पोलिशांच्या मागे एक देश उभा आहे, त्याचा दूतावास आहे. सिंध्यांचं सिंध सीमेपलीकडे राहिलं. अभ्यासकांचा ओघही दूतावासाच्या दारावरून जातो, हे आम्हा अभ्यासकांना फारसं भूषणावह नाही.

गांधीनगरच्या सिंध्यांसारख्या स्थानिकांना संशोधनात सोबत घ्यायचं तर निधीचा अर्ज लिहिण्याआधी त्यांच्यासमोर बसावं लागतं. प्रत्यक्षात अर्ज पूर्ण झाल्यावर कुठल्या तरी मंडळाचं पत्र सहीशिक्क्यानिशी जोडलं जातं आणि त्याला भागीदारी म्हणतात. मी असल्या प्रस्तावांना पाठिंबा देत नाही. काय विचारायचं, ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील, अहवाल त्यांना वाचता येईल अशा भाषेत परत येईल का, हे त्यांच्यासोबत ठरायला हवं. नावं छापायची की नाही, हेसुद्धा. वळिवडेच्या पोलिशांना ग्रंथात नाव असणं अभिमानाचं वाटलं. पण भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही इथे नाही. त्यामुळे कागदपत्रं नसलेल्या रोहिंग्या माणसाचं नाव किंवा वस्ती प्रबंधात छापली गेली, तर अभ्यासकाला पदवी मिळेल आणि त्या रोहिंग्याच्या दारात पोलीस येतील.

गांधीनगर, उल्हासनगरच्या सिंधी वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावं आणि साल आजच लिहून ठेवा. आजी-आजोबांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, सिंधीत बोलत असतील तर सिंधीतच. कोणी अभ्यासक आला तर त्याला प्रत द्या. मूळ फोटो आणि कागद घरातच राहू द्या.